विसरलं तरी चालेल असा क्लॅम्प

आमच्या वहिनीशी वाद घालू नये, हे दादा लग्नानंतर आठवड्याभरात शिकला. मला पंधरा वर्षं लागली. ती नळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात डिझायनर आहे. नळ्या म्हणजे लघवीच्या. पाहुण्यांनी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की दादा घाईघाईने विषय बदलतो आणि वहिनी मुद्दाम सगळं नीट समजावून सांगते.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. लघवीचा नमुना प्लेटवर पसरायचा आणि कुठले जंतू वाढतात ते बघायचं. एकाच प्लेटवर तीन-चार जातींचे जंतू दिसले की मी ओळखतो, नमुना नळीतून नाही, खाली लटकलेल्या पिशवीतून घेतलाय. पिशवीत लघवी तासन् तास साचते, तिथे जंतू माजणारच. मग ज्याला काही झालेलं नाही, त्यालाही जबर औषधं सुरू होतात. एकदा जेवताना मी हे बडबडलो आणि वहिनीचा घास हातातच राहिला.

पुढची तीन वर्षं ती नळीला बसवायच्या एका छोट्या तोंडामागे लागली. नमुना थेट नळीतूनच काढता यावा म्हणून, पुसायला सपाट, सुईशिवाय सिरिंज घट्ट बसेल असं. शेवटी आमच्या मेट्रनने एका वॉर्डात महिनाभर ते वापरून बघायला परवानगी दिली. मेट्रन म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. "एकाही पेशंटला त्रास झाला तर खोकं उचलायचं," तिने बजावलं.

पहिले दोन आठवडे माझ्या प्लेटा इतक्या स्वच्छ निघाल्या की मलाच संशय यायला लागला. वहिनी घरात गुणगुणत होती. तिने गुणगुणू नये, असं आम्हा सगळ्यांचं मत आहे.

आता, नमुना घ्यायचा तर नळीत ताजी लघवी साचावी लागते. म्हणून नर्स त्या तोंडाच्या खाली नळीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा लावते आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत येते. त्या दुपारी वॉर्डातल्या सगळ्यात नव्या नर्सने एका आजोबांच्या नळीला क्लॅम्प लावला, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा पेशंट घाबराघुबरा झाला. ती तिकडे धावली आणि क्लॅम्प तसाच राहिला. अडीच तास. आजोबांचं ओटीपोट दगडासारखं टणक झालं. क्लॅम्प काढल्यावर त्यांना आराम पडला, पण नोंदवहीत कुणी ओळही लिहिली नाही. वहिनी संध्याकाळी वॉर्डात गेली तेव्हा त्या पोरीने रडत रडत तिलाच सांगितलं.

क्लॅम्प वहिनीचा नव्हताच. वर्षानुवर्षं बाजारात मिळतो तोच होता. तिचे मालक म्हणाले, "आपला भाग चोख चाललाय. दुसऱ्याचं अंगावर कशाला घेता?" मीही म्हणालो, "वहिनी, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. मूग गिळून गप्प बस."

"भाऊजी," ती म्हणाली, "नमुना घ्यायला क्लॅम्प लावावाच लागतो ना? मग तो माझाच झाला. तुमच्या प्लेटा स्वच्छ राहाव्यात म्हणून त्या आजोबांनी का सोसायचं?"

दुसऱ्या दिवशी तिने मेट्रनला खाटेचा नंबर सांगितला, नर्सचं नाव नाही. "चूक माझ्या डिझाइनची आहे," म्हणाली. मेट्रनने शब्द पाळला. तीन वर्षांची मेहनत खोक्यात भरून आमच्या घरी आली, आणि दादाने ते खोकं कपाटावर चढवलं. मी वहिनीवर चिडलो होतो आणि मला तिचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

आठ महिन्यांनी ती पुन्हा मेट्रनसमोर बसली. टेबलावर नळी आणि तिच्यावर चिमट्याच्या जागी तिचा स्वतःचा क्लॅम्प, एक रबरी बटण. मेट्रनने बटण दाबलं, नळी बंद झाली. बटणाखाली दबलेल्या जागेत बारीक छिद्रातून हवा हळूहळू परत शिरते, तसं ते वर येतं. मेट्रन घड्याळ बघत बसली. चौदाव्या मिनिटाला नळी आपोआप उघडली.

"आणि नर्स विसरली तर?"

"विसरू दे," वहिनी म्हणाली.

पुन्हा एक महिना मिळाला. साठ नमुन्यांत माझ्याकडे दोनच खराब निघाले. पण मेट्रनने माझा कागद बाजूला सारला आणि ती वॉर्डाची नोंदवही वाचू लागली. त्यात अकरा ठिकाणी लिहिलं होतं, "क्लॅम्प लावून विसरले. आपोआप उघडला. पेशंट ठीक." खाली सह्या होत्या, मुरलेल्या नर्सच्यासुद्धा. माझी छाती फुगली. ही आमची वहिनी, असं तिथे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

मेट्रनने त्या सह्यांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"मीही विसरले होते," ती हळूच म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा सांगतेय."

मग तिने चष्मा पुसला आणि सगळ्या वॉर्डांसाठीच्या मागणीवर सही केली.