लक्ष विचारणारा फोन

दुबईच्या विमानतळाबाहेर माझ्या नावाची पाटी धरून फ्रान्सिस उभा होता. वसईचा. परिषदेच्या पाहुण्यांची ने-आण करणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर. परिषद रस्तेसुरक्षेची, मला बोलावलं होतं मेधाने, मी त्यावर काहीतरी लिहीन या आशेने. मेधा माझ्या मित्राची मुलगी. गाडी चालवताना माणसाचं लक्ष नेमकं कुठे जातं, यावर ती इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते.

शहरात पोचेपर्यंत फ्रान्सिसला ऑफिसचे फोन येतच होते. तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा, हा कंपनीचा नियम. डॅशबोर्डवर स्पीकर बसवलेला, त्यामुळे हात मोकळे आणि कंपनीचं मनही.

दुपारी मेधाने अब्रात (खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीत) बसवून बर दुबईला नेलं. मीना बाजारामागच्या खानावळीत पोळी-भाजी खाताना तिने सांगितलं, की याच कंपनीचा एक ड्रायव्हर ऑफिसशी बोलता बोलता उभ्या ट्रेलरवर आदळून जागीच गेला. चौकशीत निघालं की दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. म्हणजे फोनचा दोष नाही.

"काका, हात मोकळे असून काय उपयोग? डोळे रस्त्यावरच असतात, पण समोरचं मेंदू नोंदवत नाही. तो फोनवरच्या माणसाकडे गेलेला असतो."

तिला एवढंच हवं होतं, की परिषदेच्या ठरावात एक ओळ यावी: चालत्या गाडीतल्या ड्रायव्हरला ऑफिसने फोन करू नये.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या झुंबरांखाली उद्घाटन झालं. फीत दोनदा कापली, कारण पहिल्यांदा फोटोग्राफर कॉफी घेत होता. प्रमुख पाहुणे त्याच कंपनीचे डायरेक्टर. मेधाने त्यांना पडद्यासमोरच्या नकली गाडीत बसवलं आणि फोनवर त्यांच्या नव्या बसगाड्यांबद्दल विचारलं. साहेब रंगात आले आणि बोलता बोलता पडद्यावरच्या उभ्या ट्रकमध्ये घुसले. मला वाटलं, जमलं हिचं.

साहेब उतरले आणि म्हणाले, पडदा जरा अंधुक आहे. सगळे हसले, टाळ्या पडल्या.

संध्याकाळी ठराव वाचला गेला. मेधाचं संशोधन 'डोळे उघडणारं' ठरलं होतं. ड्रायव्हरचं लक्ष उडतं हे त्यातून सिद्ध झाल्याने, ऑफिसने त्याला वरचेवर फोन करून लक्ष आहे ना याची खात्री करून घ्यावी. मेधाला मखमली डबीत मानचिन्ह मिळालं. मी चहा आणला. तिने घेतला नाही.

"खलास (संपलं), काका," ती म्हणाली. "आता माझ्याच नावाने फोन करतील."

परतीच्या दिवशी विमानतळावर सोडायला फ्रान्सिसच आला. नवा हुकूम लागू झाला होता. हे फोन कशाला उचलतोस, असं मी विचारलं. "नाही उचलला तर झोपलो समजतात, साहेब. मग घरीच पाठवतात." त्याच्या दोन मुली वसईला कॉन्व्हेंटमध्ये होत्या.

शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर स्पीकर वाजला.

"फ्रान्सिस, ध्यान रोडपे है ना?"

"है सर. पूरा ध्यान है."

निळ्या डांगरीतला एक मजूर, हातात जेवणाचा डबा, रस्ता ओलांडत होता. ऊन लख्ख होतं. फ्रान्सिस सरळ त्याच्याकडे बघत होता आणि गाडीचा वेग तसाच होता. मी ओरडून स्टीअरिंगला हात घातला. गाडी वाळूत उतरून थांबली. मजूर दुभाजकापाशी पोचला होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"काय झालं, साहेब?" फ्रान्सिसने विचारलं. तो खरंच विचारत होता.

मी सांगितलं. त्याने मागे पाहिलं, कपाळावर, छातीवर क्रुसाची खूण केली, आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, कुठून आला, कुठून आला. तेवढ्यात फोन वाजला. तिसऱ्या रिंगच्या आत त्याने उचलला.

पुण्यात लोक विचारतात, दुबईत काय काय पाहिलं? उंच इमारती, सोन्याची दुकानं, असं मी सांगतो. खरं तर एक माणूस पाहिला. गाडीत आम्ही दोघे होतो, आणि त्याला पाहणारा मी एकटाच.