बेचाळीस रंधे आणि एक दार

आमच्या इमारतीत एके काळी अशी कुजबुज होती, की दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याने बायकोला सकाळपासून दुपारपर्यंत बाथरूममध्ये कोंडून ठेवलं आणि स्वतः बाहेर स्टूल टाकून हत्यारांना धार लावत बसला. 'हत्यारं' हा शब्द तळमजल्यावरच्या काकूंचा. काकूंनी तो जिन्यात अगदी दबक्या आवाजात उच्चारला, म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंतच ऐकू गेला.

तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. तेव्हा या प्रकरणाची बित्तंबातमी माझ्याइतकी कोणाकडेच नाही, काकूंकडेही नाही, आणि हे त्यांना आजतागायत सहन होत नाही.

चष्मेवाल्याचं कोपऱ्यावर दुकान. माणूस सरळ, स्वभावाने लोण्यासारखा, आणि कामात इतका चोख की त्याने दिलेला नंबर कधी चुकला नाही. आयुष्यभर त्याने लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरली आणि एकच प्रश्न विचारला, "हे बरं, की हे बरं?" गिऱ्हाईक घुटमळलं की लगेच दटावणार, "विचार करू नका हो, पटकन सांगा!" अशा माणसाला स्वतःला मात्र दोन मोज्यांतला डावा आधी घालावा की उजवा, हे ठरवायला पंधरा मिनिटं लागत. त्यात मोज्यांना डावं-उजवं नसतं.

त्या कुजबुजीच्या नऊ वर्षं आधी त्यांच्या बाथरूमचं दार फुगून चौकटीत अडकायला लागलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, कडेने जरासं तासून घ्या." सुताराचं दहा मिनिटांचं काम. पण चष्मेवाले म्हणाले, "एवढ्याशा कामाला सुतार कशाला? एक छोटा रंधा आणतो, आपल्याच हातांनी करू." आणि ते रंधा आणायला बाहेर पडले. मला विचाराल तर ते अजून परत आलेले नाहीत.

मोठा रंधा दोन हातांनी मारतात. हा छोटा तळहातात मावतो, एका हाताने चालतो, बारीकसारीक कामाला बरा. एवढं मलाही कळतं. चष्मेवाल्यांना त्यापुढचं कळायला लागलं आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पहिला आणला, त्याचं पातं फार उभं. दुसऱ्याचं पातं आडवं, पण ते मागेपुढे करायचा स्क्रू ढिला. तिसरा वजनाला हलका, चौथा इतका जड की पायावर पडला तेव्हा ते आठवडाभर लंगडत, पण कौतुकाने लंगडत. मग पितळी आला, लाकडी आला, तोंडाची फट लहानमोठी करता येणारा आला. तो वहिनींना दाखवताना ते म्हणाले, "याचं तोंड हवं तेव्हा बारीक करता येतं."

"असं? मग तुमच्यासाठीही एक बघा की," वहिनी म्हणाल्या.

रंधे कुठून येत, तेही सांगून टाकतो, माझ्या पोटात राहत नाही. गावात कोणी म्हातारा सुतार वारला की चष्मेवाले सांत्वनाला पहिले हजर. मेलेल्याची ओळख असो नसो, डोळे पुसत बसत. तासाभराने हळूच विचारत, "त्यांची काही आठवण मिळेल का? छोटीशी चालेल. साधारण एवढी." आणि तळहात दाखवत. एकदा सुतार गेला ही बातमी चुकीची निघाली. चष्मेवाले पोचले तेव्हा दार खुद्द त्यानेच उघडलं. पण हे रिकाम्या हाताने परतले नाहीत. त्या गोंधळात त्याच्याकडून दोन रंधे घेऊन आले.

प्रत्येक रंध्याची परीक्षा दुकानात होई. लाकडाच्या फळीवर एकदा रंधा मारायचा, निघालेला पापुद्रा डोळ्यासमोर धरायचा, आणि भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ त्यातून दिसते का पाहायचं. दिसली तर रंधा पास. पुढे पुढे गिऱ्हाइकांनाही साक्षीला घेत. मलाही एकदा पापुद्र्यातून अक्षरं वाचायला लावली. ती चष्म्यापेक्षा बरी दिसली, पण ते त्यांना मी बोललो नाही.

नऊ वर्षांत रंधे झाले बेचाळीस. पांघरुणांच्या कपाटात रंधे, आणि पांघरुणं माळ्यावर. आणि या बेचाळीस रंध्यांनी मिळून तयार काय केलं? चष्मा ठेवायच्या डबीचं एक झाकण. डबी अजून व्हायची आहे. दाराचं भिजत घोंगडं तसंच. दाराला नेमका कोणता रंधा लावावा, याचा निर्णय होत नव्हता.

आता त्या दिवसाकडे येतो. सुट्टीचा वार, सकाळचे नऊ. बाथरूममधून वहिनींची हाक आली, "अहो, दार अडकलं. उघडत नाही. आणा तुमचा रंधा!"

दुसरा कोणी असता तर त्याने धावत जाऊन दाराला लाथ घातली असती. चष्मेवाले आनंदाने थरथरत कपाटाकडे गेले. बाथरूमसमोरच्या बोळात चादर अंथरली, बेचाळीस रंधे रांगेत मांडले, स्टूल ओढलं आणि विचारात पडले. अकरा वाजता त्यांनी शेवटच्या फेरीसाठी नऊ जण काढले. साडेअकराला बाकीच्या तेहतिसांवर अन्याय झाला असं वाटून सगळे परत रांगेत लावले आणि पात्यांना धार द्यायला घेतली.

नेमक्या तेव्हा काकू भांडं परत द्यायला आल्या. पुढचं दार उघडंच. आत पाहतात तर बंद बाथरूम, आतून वहिनींचा आवाज, आणि बाहेर नवरा पात्याला धार लावत पुटपुटतोय, "हा फार जड होईल. हिला नाजूकच पाहिजे." ही म्हणजे दाराची कड, पण काकूंना कोण सांगणार? काकू भांडं तिथेच टाकून जिन्यात आल्या आणि बातमी फुटली.

मी खाली उतरलो. उतरता उतरता समोरच्या सुतारालाही हाक मारून घेतलं. सुताराने दार पाहिलं, रंधे पाहिले, चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

"काका, हे काय चाललंय?"

"दाराची कड तासायची आहे. तुझं काय मत, हा बरा की हा?"

"पण कड तर चौकटीत आहे! बंद दाराला रंधा कुठून मारणार? आधी दार उघडावं लागतं, मग रंधा!"

चष्मेवाल्यांनी हातातला रंधा चादरीवर ठेवला. अडीच तास ज्या कडेसाठी ते झुरत होते, ती कड जगातल्या कुठल्याच रंध्याच्या हाताला लागणारी नव्हती. सुताराने खांदा लावून रेटून पाहिलं, दार तसूभर हललं नाही. "फोडू का?" तो म्हणाला.

आतून पान उलटल्याचा आवाज आला आणि मग वहिनींचा, "फोडायचं नाही हं! फोडलं तर मी इथेच राहीन. त्यांना निवडू द्या. अहो, ऐकताय ना? आज एकच रंधा निवडायचा. तो घरात राहील. बाकीचे जातील. तोवर मी काही बाहेर येत नाही."

"अगं, पण एकेचाळीस?" चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी त्यांना पाणी दिलं, तर पेला डाव्या हातात घ्यावा की उजव्या, यातच ते अडकले.

"मी घेते तुमची परीक्षा," वहिनी आतून म्हणाल्या. "दोन हातात दोन घ्या. हं. हा बरा, की हा बरा?"

"म्हणजे तसं पाहिलं तर, यात पातं जरा..."

"विचार करू नका हो, पटकन सांगा!"

"हा!" त्यांच्या तोंडून निसटलंच.

"दुसरा खाली ठेवा. पुढचा घ्या. हा बरा, की हा बरा?"

दार बंद, परीक्षक आत, रोगी बाहेर, आणि सुतार एकेक रंधा हातात देतोय. मी आयुष्यात नाटकं पुष्कळ पाहिली, पण असं नाही. पितळी गेला, तेव्हा चष्मेवाल्यांनी हुंदका दिला. तोंड बारीक होणारा गेला, तेव्हा आतून वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या, दोन तोंडं मला झेपायची नाहीत." पावणेदोन वाजता त्यांच्या हातात एक काळपट लोखंडी रंधा उरला. ना देखणा, ना दुर्मीळ. पण तळहातात असा बसलेला, की त्यांनी बोटं मिटली आणि तो दिसेनासाच झाला.

"हा," ते म्हणाले. "हाच."

"नक्की?"

"नक्की."

आणि दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या. एका हातात कादंबरी, दुसऱ्या हातात थर्मास, काखेत उशी. "चला," म्हणाल्या, "आता मारा."

चष्मेवाल्यांनी उघड्या दाराच्या कडेवर रंधा मारला. चार पापुद्रे निघाले. दार लावलं, उघडलं, लावलं. पाण्यासारखं फिरलं. चौथा पापुद्रा त्यांनी सवयीने डोळ्यासमोर धरला, त्यातून त्यांना वहिनी दिसल्या, आणि मग तो त्यांनी खाली टाकला.

एकेचाळीस रंधे सुतारकामाच्या शाळेत गेले. आधी कोणता द्यावा ते ठरेना, म्हणून वहिनींनी पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी अर्ध्या तासात. चष्मेवाले आजही दुकानात गिऱ्हाइकाला सांगतात, की खरा रंधा लावावा लागत नाही, नुसता हातात धरला तरी अडलेलं दार उघडतं. आणि काकू आजही जिन्यात 'हत्यारं' म्हणतात.

मला वहिनींनी स्वतः सांगितलं ते असं. त्या दिवशी दार अडकलंच नव्हतं. त्यांना कोणी कोंडलं नव्हतं. कडी त्यांनी नऊ वाजता आतून लावली आणि पावणेदोन वाजता आतूनच काढली.