पंधरा फेऱ्या

वनरक्षक व्हायचं हे मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षालाच ठरवून टाकलं, आणि एकदा ठरवलं की साऱ्या गावाला सांगत सुटायची मला खोड आहे. ब्रह्मपुरीला कॉलेजात नेणाऱ्या काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरपासून भूगोलाच्या मॅडमपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. मैत्रिणी मला आधीच ‘साहेब’ म्हणायला लागल्या होत्या. मीही ऐटीत ओ द्यायची. खाकी गणवेशात आपण कशा दिसू, हे आरशासमोर आईची काळी पर्स कमरेला लटकवून मी पाहूनही घेतलं होतं.

अडचण एकच होती. भरतीत मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं. आमच्याच गावची एक ताई मागच्या भरतीत लागली होती, तिनं मला स्पष्ट सांगितलं, “तेरा मिनटाच्या आत आली तं बोल. नाई तं कॉलेजच कर.”

सकाळी रस्त्यावर धावायची सोय नव्हती, वाघाचा काही नेम नसतो. म्हणून शाळेचं मैदान गाठलं. गुरुजींनी टेप धरून दोनशे मीटरची फेरी आखून दिली. पंधरा फेऱ्या झाल्या की तीन किलोमीटर. वेळ लावायला आईचा फोन होता, पण फेऱ्या मोजायला माणूस हवा होता, कारण सहाव्या फेरीनंतर मला माझं नावसुद्धा आठवत नाही.

माणूस मिळाला तो शेजारच्या मापारीण बाईच्या रूपानं. बाईनं सारा जन्म खळ्यावर धान मोजण्यात घालवला. अक्षरओळख नाही, पण तिच्या पायलीवर गावात कधी कुणी शंका घेतली नाही. आता धान काट्यावर जातं, वजन यंत्रावर दिसतं, त्यामुळे बाई रिकामी होती. मी विचारलं तर तिनं एवढंच म्हटलं, “किती मोजाच्या हायेत?” दुसऱ्या दिवशी सात वाजता ती पदरात चिंचोके बांधून शाळेच्या पायरीवर हजर. मी समोरून गेले की एक चिंचोका खाली. तोंडानं काही बोलायची नाही. मोजणी संपली की मात्र हात वर करून ओरडायची, “झालं!” की मी फोनकडे धाव घ्यायची.

पहिल्या दिवशी अठरा मिनिटं लागली. दोन महिन्यांत सोळावर आले, मग पंधरावर. त्यानंतर साडेचौदावर गाडी अशी रुतली की हलेचना. मी पहाटेचा भात बंद केला, भिजवलेले चणे सुरू केले. वडिलांनी शहरातून बूट आणले. काटा आपला साडेचौदावरच. भरतीला तीन आठवडे उरले होते आणि ज्या जीपमध्ये मी साहेब होते, त्याच जीपमध्ये आता मी खिडकीकडे तोंड करून बसायला लागले.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. धापा टाकत मी पायरीवर गेले आणि बाईलाच धरलं. “बाई, तुमचं मोजणं तं चुकून नाई राह्यलं ना?”

बाईनं चिंचोके पदरात गोळा केले. “खंड्या न खंड्या धान मोजलं म्या. तुया फेऱ्या चुकतीन काय मायाकून?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, आणि संध्याकाळी बाईच्या दारात जाऊन कान पकडले. ती म्हणाली, “सात वाजता ये.” बस.

भरतीच्या मैदानावर चारशे मीटरचा ट्रॅक होता. साडेसात फेऱ्या. पायाला चिप बांधली होती. मी बोटांवर मोजत धावले. पाचव्या फेरीत माझ्या आसपासच्या पोरी धापा टाकू लागल्या, आणि मला आत्ता कुठे लय सापडली होती. साडेसात झाल्या. माझ्या बोटांनी सांगितलं झालं, पण पाय म्हणत होते, अजून बरंच आहे. मला वाटलं, नेहमीसारखं विसरले असेन. मी धावतच राहिले. मागून शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी झेंडी हलवली, शेवटी एक गार्ड माझ्या बाजूनं पळत येऊन ओरडला, “ओ मॅडम, संपलं! कुठी चालल्या?”

फलकावर माझ्या नंबरापुढे बारा मिनिटं एकेचाळीस सेकंद.

आता शहाण्या माणसानं गप्प घरी जावं की नाही? मी टेबलाजवळ जाऊन भांडले. म्हटलं, सर, माझ्या फेऱ्या कमी धरल्या असतील, पुन्हा बघा. साहेबांनी मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चिप आहे, चुकत नाही. जा, पाणी पी.”

मी घरी येऊन आधी बाईकडे गेले, चप्पलसुद्धा न काढता. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि हळूहळू हसत होती. मग तिनं पदरातले चिंचोके जमिनीवर मांडले.

पहिला बाजूला ठेवला. “हा लाभ. देवाचा. मोजाचा नसते.” मग एक, दोन करत पंधरा मांडले. शेवटी आणखी एक. “हे पाखराईचं.”

एकूण सतरा. दुसऱ्या गावांत धान मोजताना ‘एक’ऐवजी ‘लाभ’ म्हणतात, म्हणजे लाभ हाच एक. आमच्या बाईच्या खळ्यावर मात्र लाभ वेगळा आणि पाखरांचं माप वेगळं. आयुष्यभर तिनं धान तसंच मोजलं आणि मलाही तसंच मोजलं. रोज चारशे मीटर जास्त, सहा महिने. मी तिच्या गळ्यात पडले. एवढं मोठं काही मला आजवर कुणी दिलेलं नाही, आणि देणारीला आपण काही दिलं हे माहीतही नव्हतं. ती म्हणाली, “सोड, पदर फाटन.”

यादी लागली तेव्हा माझा नंबर वरून चौथा होता. वडिलांनी ती यादी फोनमध्ये बघून आख्ख्या चौकाला वाचून दाखवली, माझ्या नंबरावर येऊन तीनदा.

आता माझी बीट पोंभुर्ण्याच्या बाजूला आहे. मागच्या सुट्टीत सकाळी शाळेकडे गेले, तर मैदानावर कॉलेजच्या चार पोरी धावत होत्या आणि पायरीवर मापारीण बाई. त्यांतली एक लालबुंद होऊन माझ्याकडे आली.

“ताई, पंधरा मिनटाच्या खाली येतच नाई मी. बाईचं मोजणं बरोबर हाय ना?”

पायरीवरून बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“एकदम बरोबर हाय,” मी म्हटलं. “धाव.”