राजाला पेनिसिलिन लागेना

“डॉक्टरसाहेब, चला लवकर! राजा मरून राह्यला!”

लक्ष्मणभाऊ ओरडतच वडशाच्या माझ्या दवाखान्यात शिरले. ते नाटक कंपनीचे मालक. राजा म्हणजे त्यांचा राजपार्टी, राजाची कामं करणारा नट, श्रीहरी. मागोमाग खाटेवरून तो आलाच, दाढीला कालचा रंग तसाच. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि नाटकाशिवाय मंडई नसते. त्यात सत्तावन्न सालचा फ्लू. अर्धी कंपनी शिंकत होती.

फ्लू हा व्हायरसचा आजार. त्याच्यावर तेव्हा औषध नव्हतं, माणूस आपोआप बरा व्हायचा. पण फ्लूने छाती नरम पडली की बॅक्टेरिया संधी साधून आत शिरतात आणि न्यूमोनिया होतो. श्रीहरीचं तेच झालं होतं.

मी खुशीतच सिरिंज उकळली. पेनिसिलिन म्हणजे त्या काळी आमचं ब्रह्मास्त्र!

“उद्या टुणकन उठेल,” मी म्हणालो.

उद्या तो उठला नाही. ताप वाढला. डोस वाढवला, तर थुंकीत रक्त आलं. आता माझी पाचावर धारण बसली. ऐन तिशीतला माणूस डोळ्यांदेखत चालला होता.

त्याच्या बायकोला विचारलं, “रखमाबाई, यांना पूर्वी कधी पेनिसिलिन दिलं होतं?”

“कधी काय इचारता जी? गावोगावी देतेत! नाटक ठेवणारे मंडळवाले पयले चहा देतेत, मंग सुई. राजाचा गळा मोकळा राहाले पायजे ना!”

“किती सुया?”

“एकच. जास्त कायले? नाटक तर एकाच रातचं रायते.”

मी कपाळावर हात मारला आणि हसूही आलं. पाहुणचारात सुई! अर्धवट डोसने लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. त्यांतले काही तर पेनिसिलिनच तोडून टाकणारा पदार्थ तयार करतात. याला रेझिस्टन्स म्हणतात. श्रीहरीच्या छातीत तीच जात बसली असणार.

आता दुसरं औषध हवं होतं. क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल. त्या नागपूरला.

“मी जातो,” महादेव म्हणाला. हा कंपनीतला खलनायक. छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेजची आगगाडी, सुटत होती, तो धावत चढला. दुसऱ्या दिवशी कॅप्सूल घेऊन हजर! नाटकातल्या खोट्या मिशा ठेवायच्या डबीत नीट बांधून आणल्या होत्या.

त्याने मोठ्या मायेने एक श्रीहरीच्या तोंडापुढे धरली. तापाच्या भ्रमात श्रीहरीने डोळे उघडले, समोर महादेव पाहिला आणि गरजला, “दुष्टा! हे विष मी प्राशन करणार नाही!”

नाटकात दुसऱ्या अंकात महादेवच त्याला विष पाजायचा.

“अबे, हे खरं औषध हाय!” महादेव रडकुंडीला आला. राजाने दात आवळले. मी समजावलं, लक्ष्मणभाऊंनी हात जोडले. काही उपयोग नाही.

शेवटी रखमाबाई पुढे झाली. “नाटक बंद करा अन् चूपचाप गिळा!”

राजाने गिळली.

पुढे मात्र तिनेच वेळच्या वेळी कॅप्सूल दिल्या. ताप उतरू लागला. एका सकाळी श्रीहरीने डोळे उघडून वांग्याची भाजी आणि भात मागितला. मला इतका आनंद झाला की मी महादेवलाच मिठी मारली. लक्ष्मणभाऊंनी वॉर्डात शिट्टी वाजवली. रखमाबाई हसता हसता रडत होती.

श्रीहरी पुन्हा रंगमंचावर उभा राहिला, त्या पहिल्या प्रयोगाला त्यांनी मला बोलावलं. मी रंगपटात डोकावलो. पाहतो तर काय, राणी, प्रधान, पेटीवाला, तबलजी, सगळे आ वासून रांगेत उभे!

“हे काय?”

“आमाले बी ते नवीनवालं एक एक द्या जी,” लक्ष्मणभाऊ म्हणाले. “लय पावरफुल हाय म्हणतेत.”

मी कोमट पाणी आणि मीठ मागवलं. सगळ्यांना गुळण्या करायला लावल्या. अख्खी कंपनी एका सुरात गुळगुळू लागली, आणि पडद्याबाहेरच्या पब्लिकने नाटक सुरू झालं समजून टाळ्यांचा कडकडाट केला.

एवढं कळलं की जंतूला मारायचं तर पुरतं मारावं. थोडं थोडं औषध म्हणजे त्याची तालीम. प्रयोगाच्या दिवशी मग त्याला सगळं पाठ असतं आणि डॉक्टर तेवढा अडखळतो.