खाणीतला हीटर

रूपा साळवेनं अणुभट्टीतला कचरा कधी डोळ्यानं पाहिला नव्हता, पण त्याच्या उष्णतेचं गणित मांडण्यात तिची चार वर्षं गेली होती. हा कचरा डब्यांत भरून जमिनीत खोल पुरला, तरी शेकडो वर्षं तापत राहतो. ती उष्णता भोवतीच्या मातीतून आणि खडकातून कशी पसरेल, हे संगणकावर आधीच काढून पाहायचं, हा तिचा पीएच.डी.चा विषय. उस्मानपुऱ्यात तिची आई पारूबाई शेजारणींना सांगायची, "आमची रूपा दगडाचा ताप मोजती."

गणित पडताळायला तिनं दौलताबादजवळच्या एका बंद खाणीत प्रयोग मांडला. काळ्या दगडात खोल भोक पाडलं, कचऱ्याच्या जागी विजेचा हीटर सोडला, भोवती ओली चिकणमाती ठासली आणि वरून सिमेंटचं बूच बसवलं. किरणोत्साराचा तिथं लवलेशही नव्हता. पण पत्र्याच्या शेडवर विद्यापीठातल्या तिच्या विभागानं पाटी लावली होती : 'अणुकचरा : उष्णता अभ्यास'. कुणीतरी त्या पाटीचा फोटो काढला आणि तो मोबाइलवरून गावभर फिरला.

त्या दिवशी सकाळपासूनच रूपाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या गणितानुसार हीटरजवळचा पारा नव्वदच्या आसपास थांबायला हवा होता. तो एकशे वीसच्या वर गेला होता. तिनं हीटर बंद केला, आणि तेवढ्यात खाणीच्या तोंडाशी माणसं दिसली. पुढं जमिनीचे मालक तात्यासाहेब, त्यांच्यामागं आवडाबाई. तिची विहीर खाणीच्या उतारालाच होती. तिचा मुलगा सत्यम खांद्यावर पहार घेऊन आला होता.

"काय पुरलंय इथं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"हीटर आहे, काका. विजेचा."

"मग पाटीवर कचरा कशाला लिवलाय?" सत्यम म्हणाला. "काढून दाखवा. नायतर आम्ही काढतो."

रूपानं तिच्या मार्गदर्शकांना, राजकुमार सरांना, फोन लावला. "वाद घालू नकोस," ते म्हणाले. "लॅपटॉप घे आणि ताबडतोब निघ."

ती निघाली असती, तर मागं त्यांनी बूच फोडलं असतं. आत कोंडलेली वाफ पहार मारणाऱ्याच्या तोंडावर आली असती. तिनं फोन ठेवला आणि सरळ बुचाजवळ जाऊन बसली.

"आत्ता उघडू नका. खाली वाफ आहे. तोंड भाजेल तुमचं."

"नुसता हीटर हाय म्हनत होता ना?" सत्यम म्हणाला.

रूपाला गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. "माझं गणित चुकलंय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं त्याहून आत लई तापलंय. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण आत विष नाही, हे मला पक्कं माहीत आहे. निवू द्या. तुमच्यासमोरच उघडते."

"चुकलंय म्हनते, आन् वर इश्वास ठेवा म्हनते," मागून कुणीतरी पुटपुटलं.

सत्यमनं पहार उचलली. रूपा हलली नाही. शेवटी आवडाबाई पुढं आली, मुलाच्या हातातली पहार तिनं धरली. "बस खाली. ती बसलीय ना तिथंच? काय व्हायचं ते आधी तिलाच व्हईल."

रूपानं लॅपटॉपचा पडदा सगळ्यांकडं वळवला. पडद्यावरचा पारा इतका सावकाश उतरत होता की माणसं कंटाळून जात, नवी येत. चिडचिड मात्र कमी होत नव्हती. संध्याकाळी राजकुमार सर आले. त्यांनी तिच्याकडं पाहिलंही नाही.

बूच उघडलं ते दुसऱ्या दिवशी. आतून काळवंडलेला हीटर निघाला आणि त्याच्याभोवतीची माती. ओली ठासलेली ती माती वाळून खापरासारखी तडकली होती. रूपानं एक ढेकूळ हातात घेतलं आणि तिला उमगलं. तिच्या गणितात माती कायम ओली राहिली होती. इथं ती सुकली होती आणि सुकल्या मातीनं उष्णता बाहेर जाऊच दिली नव्हती.

"विहिरीचं काय?" आवडाबाईनं विचारलं.

"पाणी तपासून देते, मावशी."

पाणी चांगलं निघालं. तरी पुढं कितीतरी दिवस आवडाबाई शेजारच्या बोअरवरून हंडा भरत राहिली. तात्यासाहेबांनी खाण रिकामी करायला लावली. "तुझ्यावर राग नाय," ते म्हणाले, "पन इथं नको."

प्रबंध वर्षभर लांबला. सरांचा अबोला बरेच दिवस टिकला. रूपानं मात्र सुकणारी माती धरून सगळं गणित नव्यानं मांडलं. उत्तर आलं, की कचऱ्याचे डबे पूर्वी ठरवल्यापेक्षा बरेच लांब-लांब ठेवावे लागतील. तो आलेख पाहून सरांनी एवढंच विचारलं, "हे परत पडताळायला जागा कुठं मिळणार?"

"शोधते," रूपा म्हणाली. "पण या वेळी आधी गावात जाऊन बोलते."