एकदाच 'हो' म्हणालेला माझा भाऊ

विवेक गेल्याचं कळण्याआधीच मी त्याचं जाणं पाहिलं होतं. रविवार होता. कुरुळीच्या आमच्या कंपनीत ओव्हरटाइमची शिफ्ट चालू होती आणि मी कॅन्टीनमध्ये जेवायला बसले होते. समोर बसलेल्या सावंतांनी मोबाइल माझ्याकडे वळवला. "मॅडम, हे बघितलंत का? एअर शोमध्ये विमान पडलं." एक छोटं चंदेरी जेट गर्दीसमोरून अगदी कमी उंचीवरून आलं, वळलं, वळता वळता त्याचं नाक खाली गेलं आणि ते झाडांच्या रांगेमागे दिसेनासं झालं. मग काळा धूर. त्यावर कुणीतरी रडकं हिंदी गाणंही चढवलं होतं. मी "अरे देवा" म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. विवेकचा शो त्याच दिवशी आहे हे मला माहीत होतं, तरी ते विमान त्याचं असेल असं डोक्यात आलंच नाही. पडणारी विमानं दुसऱ्यांची असतात... हात धुवत असताना त्याच्या बायकोचा, अश्विनीचा, फोन आला. "ताई, तुम्ही कुठे आहात? आधी खाली बसा." ते गाणं अजून माझ्या कानातून जात नाही. ज्याने ते चढवलं त्याला मी ओळखतही नाही, पण त्याच्यावरचा माझा राग तसाच आहे. आणखीही पुष्कळांवरचा आहे. आठवडे उलटले तरी तो निवळत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

विवेक माझा धाकटा भाऊ. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेला. वडील लातूरकडून चिंचवडच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून आले, आणि आम्ही दोघं भावंडं थेरगावात, डांगे चौकाजवळच्या दोन खोल्यांत वाढलो. तो गेल्यावर बातम्यांत त्याला 'जिगरबाज' म्हटलं, 'मृत्यूशी खेळणारा' म्हटलं. हा कोण माणूस, मला खरंच ओळखू येईना. माझा भाऊ शाळेत निघण्याआधी सायकलचे ब्रेक दाबून बघायचा, रोज. रस्ता मोकळा असला तरी मला दंडाला धरून थांबवायचा आणि दोन्हीकडे बघूनच सोडायचा. आई वैतागून म्हणायची, "म्हातारं जल्मलंय माझ्या पोटी." मृत्यूशी खेळायला तो कधीच गेला नव्हता. त्याला विमान आवडायचं, आणि ते सुखरूप खाली आणून ठेवणं तर त्याहून आवडायचं.

माझ्या लग्नातली गोष्ट आमच्या नातेवाइकांत अजून निघते. लग्न लातूरला होतं, वऱ्हाडाची बस थेरगावातून पहाटे निघायची होती. विवेक तेव्हा नुकताच प्रशिक्षणाला लागलेला, सुट्टीवर आलेला. सगळे बसमध्ये चढले, नारळ फुटला, आणि हा मागच्या चाकाशी उकिडवा बसून टायरवरून हात फिरवतोय. उठला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "ही गाडी जाणार नाही. टायर पार गुळगुळीत झालेत." ड्रायव्हर हसला. मामा खेकसले, "मुहूर्त टळला तर तू जबाबदार का?" विवेक म्हणाला, "हो, मी. पण ही गाडी जाणार नाही." आणि तो बसच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. वडील आधी चिडले, मग खाली उतरले, त्यांनी स्वतः टायर बघितला आणि दुसऱ्या बसच्या शोधाला लागले. मुहूर्त टळलाच. भटजींनी दुसरा काढला. सासरच्यांनी कितीतरी दिवस मला त्यावरून टोमणे मारले आणि मी दर वेळी मान ताठ ठेवून ते ऐकले.

असा माणूस त्या विमानात बसला कसा, हे मला कुणीतरी सांगावं.

खरं तर त्याने स्वतःच सांगितलं होतं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो थेरगावला आला होता, तीच आमची शेवटची भेट. एका खासगी संग्रहालयाने जुनं जेट दुरुस्त करून पुन्हा उडतं केलं होतं. विवेक ज्यावर जेट उडवायला शिकला त्याच जातीचं. तेच उडवायला त्यांनी त्याला बोलावलं होतं. आई झोपली होती, आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो. मी चाकणच्या पट्ट्यात इतकी वर्षं सेफ्टीचं काम करते आहे, त्यामुळे पहिला प्रश्न सवयीनेच आला. "काही झालं तर बाहेर फेकणारी खुर्ची आहे ना त्यात?"

"आहे."

"चालते?"

त्याने कप खाली ठेवला. "नाही. तिला वर उडवणारी काडतुसं मुदत संपलेली आहेत, नवी कुठे मिळत नाहीत. काढून टाकलीत. नुसती बसायची खुर्ची आहे."

"मग बाहेर पडायचं कसं?"

"उंची असेल तर डोक्यावरची काच सोडायची आणि पॅराशूट घेऊन उडी मारायची."

"आणि खाली असलास तर? शोमध्ये तर खालूनच उडवणार ना?"

त्याने कप पुन्हा उचलला. मला संताप आला. म्हटलं, "आमच्याकडे प्रेस मशीनचा हात वाचवणारा गार्ड निघाला तर आम्ही मशीनला कुलूप घालतो, विवेक. मालक येऊन उभा राहिला तरी काढत नाही. आणि तू..." त्यावर तो हसला, लहानपणी हसायचा तसा, ओठ मिटून. "ताई, आयुष्यभर मी नाहीच म्हणत आलोय. विमान तपासायचं आणि नाही म्हणायचं. माणसं नाराज होतात, होऊ देत. पण हे बघितलं ना, तो जुना कॉकपिट, तोच वास... एकदा हो म्हणावंसं वाटलं गं."

मी उरलेला चहा त्याच्या कपात ओतला. त्याच्या त्या बोलण्यावरचं उत्तर आज सुचतं, रोज सुचतं, पण ऐकायला तो नाही. त्याच्यावरही मी चिडलेली आहे, ते का लपवू? मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. ज्यांना चिडायचं नसेल त्यांनी चिडू नये.

त्या दिवशी पुढे काय झालं ते अश्विनीने सांगितलं. ती तिथेच होती, पाहुण्यांच्या मांडवात. धूर दिसत असताना निवेदक माइकवरून सांगत होता की आपल्या शूर वैमानिकाने शेवटच्या क्षणी विमान गर्दीपासून दूर नेलं. इतक्यात याला कुणी सांगितलं? विवेकने नेलंही असेल, तो नेणाराच होता. पण ते ठरवायला चौकशी लागते, निवेदक नाही. थोड्या वेळाने कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, कारण प्रमुख पाहुणे थांबलेले होते. माझ्या भावाची बायको गाडीत बसून दवाखान्यात निघाली होती आणि तिच्या मागे बँड वाजत होता.

इकडे डांगे चौकात फ्लेक्स लागला. विवेकचा फोटो मध्ये, भोवती हात जोडलेले पुढारी, आणि वर मोठ्या अक्षरात 'शहीद'. ऑपरेशनमुळे आईला आता लांबचं स्वच्छ दिसतं. रिक्षातून जाताना तिने तो वाचला आणि मला विचारलं, "शहीद? कुठली लढाई होती गं ती?" मी रिक्षावाल्याला म्हटलं, भाऊ, जरा लवकर घ्या.

तेराव्यानंतर संग्रहालयाचे संचालक थेरगावला आले. शाल, हार, आणि विवेकचा मोठा फ्रेम केलेला फोटो, हेल्मेट हातात धरलेला. चांगल्या घरचे, हळू बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "जे आवडतं ते करता करता गेले, असं भाग्य फार थोड्यांना मिळतं." मी विचारलं, "खुर्ची बंद होती हे तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "जुन्या विमानांत तसंच असतं, मॅडम. त्यांनाही पूर्ण कल्पना होती. तशी त्यांची सही आहे."

"त्याला कल्पना होती, हे मला माहीत आहे. मी तुमचं विचारतेय."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले की दुसरं एक जेट तयार होतंय, पुढचा शो विवेकच्या नावाने करायचा त्यांचा विचार आहे, कुटुंबाचा होकार मिळाला तर... अश्विनी तेव्हा थेरगावलाच होती. ती उठून उभी राहिली. "त्याची खुर्ची चालते का?" संचालकांनी काहीतरी तांत्रिक सुरू केलं. तिने ते पुरं होऊ दिलं नाही. "माझ्या नवऱ्याचं नाव सांगून तुम्ही आणखी कुणाला त्यात बसवायचं नाही. नाव वापरलंत तर मी तिथे येऊन माइकवरून सगळ्यांना हेच सांगेन." एवढा वेळ कोपऱ्यात बसलेल्या आईने फ्रेम उचलली आणि त्यांच्या हातात दिली. "हे घेऊन जावा. आमच्याकडं लेकराचे फोटो हायत." ते गेले. शाल तेवढी विसरली होती, ती मी खाली धावत जाऊन त्यांच्या गाडीत टाकली.

चौकशी चालू आहे. अश्विनी आणि मी दोघींनी जबाब दिले, स्वयंपाकघरातलं ते बोलणंही मी जसंच्या तसं सांगितलं. विवेकची चूक निघेल, असं हितचिंतक बजावतात. निघू दे. पुढचा शो मात्र त्याच्या नावाने होत नाही, एवढं संग्रहालयाने कळवलं आहे. होणारच नाही असं कळवलेलं नाही.

आईच्या न्हाणीघरात भिंतीला एक स्टीलची दांडी आहे. ऑपरेशनच्या वेळी आला तेव्हा विवेकनेच ती बसवली, शेजाऱ्यांचं ड्रिल मागून आणून. आई सांगते, बसवून झाल्यावर त्याने तिला हात लावू दिला नाही. आधी स्वतः पाय उचलून, अख्खं वजन टाकून लोंबकळला, खाली उतरला, स्क्रू परत आवळले, पुन्हा लोंबकळला. "माकडावानी," आई म्हणते. मग म्हणाला, आता धर. रोज सकाळी ती दांडी धरून आई स्टुलावरून उठते. परवा तिच्याकडे गेले होते तेव्हा न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि मीही दोन्ही हातांनी त्या दांडीला लोंबकळले, होता नव्हता तेवढा राग लावून हिसडे दिले. बाहेरून आई विचारत होती, "काय चाललंय गं आत?"

दांडी जरासुद्धा हलली नाही.