वाया गेलेला वकील

लिंबाजी गेल्याची बातमी मला एका अर्जातून कळली. औरंगाबादच्या कचेरीत कायदा शाखेतल्या माझ्या टेबलावर सकाळचं टपाल येतं, त्यात जिंतूरहून आलेला तो कागद होता. गायरानाच्या एका अपिलात पुढची तारीख मागितली होती आणि कारण एका ओळीत दिलं होतं, ‘अपिलदारांचे वकील मयत असल्याने मुदत मिळावी.’ खाली सात-आठ अंगठे. मी सवयीप्रमाणे समासात ‘मुदत देण्यास हरकत नाही’ असं लिहायला टाक उचलला, अर्धी ओळ लिहिलीही... आणि मग वकिलाचं नाव वाचलं. हैदराबादेत ज्याच्याबरोबर दोन वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, तो माझा लिंबाजी पंधरा दिवसांमागे तापाने गेला होता, आणि मी त्याच्यावर हरकत नाही असा शेरा मारत होतो. ती अर्धी ओळ मला अजून छळते.

जिंतूरला पोचलो तेव्हा वकिलांच्या खोलीत शोकसभा चालू होती. सभा कसली, तक्रारच होती ती. एकामागून एक काळे कोट उठत होते आणि हळहळत होते. एवढा हुशार गडी, मुन्सफ झाला असता, सरकारी वकील झाला असता, पुढे मुंबईच्या सचिवालयात गेला असता. पण बसला धनगरांची बकरं-मेंढरं सांभाळत. एका ज्येष्ठांनी तर सरळच म्हटलं की पोराने डिग्री वाया घालवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या बाकावर होतो आणि उठून एक शब्द बोललो नाही. त्या गोष्टीची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे. तिथे जे बोलायला हवं होतं ते इथे, वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या वाचकांसमोर बोलतो.

आम्ही कायद्याला गेलो तेव्हा पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. मॅट्रिकपर्यंत आम्ही सगळं उर्दूत शिकलेलो, आणि कॉलेजात पाऊल टाकतो तोवर वर्गातली भाषा इंग्रजी झाली. कालपर्यंतची ताजिरात आज पीनल कोड, कालची शहादत आज एव्हिडन्स. मी सेलूकडच्या जमीनदाराचा मुलगा, घरी शिकवणीला मास्तर ठेवलेले, तरी माझी दमछाक व्हायची. लिंबाजीचं घराणं मेंढ्यांमागे फिरणारं. पण तो घाबरला नाही. एक जाड वही आणून त्याने पानांवर रेघा मारल्या. पहिल्या घरात उर्दू शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात पुस्तकी मराठी. चौथं घर कोरं असायचं. ते कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला की ते माय भरते.

ते काय प्रकरण आहे हे मला पहिल्या सुट्टीत कळलं. परभणीला गाडीतून उतरून जिंतूरची बस धरली आणि पुढे दोन कोस चालत त्याच्या घरच्या मेंढवाड्यावर गेलो. त्याची आई, गिरजाबाई, बाभळीखाली लोकर कातत बसलेली. वडील तो लहान असतानाच गेलेले, कळप तिनेच राखलेला. लिंबाजी तिच्यासमोर मांडी घालून बसे, एक कलम सांगे, आणि ते तिला पटलं तरच पाठ झालं असं धरी. प्राध्यापकाला फसवता येतं, मायला फसवता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी चोरीचं कलम होतं. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या मर्जीवाचून, बेइमानीने हलवली की चोरी, असं त्याने समजावलं. गिरजाबाईंनी सूत थांबवलं नाही, पण मान वर केली.

“अन् हलवलीच न्हाई तर? बाभळीच्या शेंगा दावल्या की मेंढरू कुणाच्याबी मागं आपल्या पायानं जातंय. मंग ती चोरी न्हाई व्हय?”

मी चाट पडलो. आमच्या वर्गात हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. लिंबाजीने पुस्तक उघडलं, आणि कलमाखाली बारीक अक्षरात तेच होतं. जनावराला कुठल्याही रीतीने चालायला लावलं तर त्याला हलवलंच असं धरावं. उदाहरण कुत्र्याचं होतं, आमिष दाखवून मागे नेलेल्या कुत्र्याचं. त्याने आईला ते वाचून दाखवलं. ती जराही चकित झाली नाही. म्हणाली, “मंग त्या लिवणाऱ्याच्या घरी कुत्रं असंल.” त्या सुट्टीत चोरीच्या चौथ्या घरात ‘शेंगा दावणं’ हे दोन शब्द भरले गेले.

जेवणाच्या पंगतीत आम्ही विद्यार्थी खुर्च्या वाटून घ्यायचो. अमुक मुन्सफ, तमुक तहसीलदार, तो सरकारी वकील, हा निजामाच्या जुन्या कागदांच्या दफ्तरात. आणि ज्याचं कुठेच जमणार नाही त्याने काळा कोट चढवून तालुक्याच्या कोर्टाच्या वऱ्हांड्यात माशा माराव्या. नवं राज्य, नवी खाती, कायदा शिकलेल्या माणसाला मागणी होती, आणि आम्ही त्या मागणीवर डोळा ठेवूनच शिकत होतो. लिंबाजीही तेव्हा मुन्सफीचं नाव घ्यायचा. खोटं कशाला सांगू, त्यालाही खुर्ची हवी होती.

दुसऱ्या वर्षी, परीक्षेला दोन महिने असताना, गिरजाबाईंचा अर्धा कळप गेला. एका बड्या जमीनमालकाच्या गड्यांनी शेंगा दाखवत मेंढ्या आपल्या आवारात नेल्या. बाईने जिंतूरला फिर्याद दिली. लिंबाजी धावत आला, मीही त्याच्याबरोबर. त्याला सनद नव्हती, तोंड उघडायचा हक्क नव्हता. आम्ही दोघं मागे उभे. समोरच्या वकिलाने बाईंना एकच गोष्ट विचारली, तुमच्या एकूण मेंढ्या किती होत्या? त्या म्हणाल्या, मोजत न्हाई. त्यांच्या लोकांत कळप मोजत नाहीत. मोजला की आटतो, अशी समजूत आहे. पाळणारा प्रत्येक जनावर तोंडावरून ओळखतो, आकडा कुणी तोंडातून काढत नाही. वकील हसला. मॅजिस्ट्रेट साहेबही हसू दाबत म्हणाले की बाई, किती होत्या तेच माहीत नाही, तर कमी झाल्या हे कशावरून?

“घरातलं लेकरू कमी असल्यावर मोजावं लागतंय व्हय, साहेब?”

कोर्टात हशा पिकला, आणि फिर्याद निकालात निघाली. वेळ मारून नेण्यापुरता एखादा आकडा सांगितला असता तर प्रकरण निदान पुढे सरकलं असतं. त्या बाईच्या जिभेवर तो आकडा आला नाही. पुढे कित्येकांनी याला अडाणीपणा म्हटलं. मी तेव्हा म्हटलं होतं, हेही कबूल करतो.

बाहेर आल्यावर लिंबाजी भिंतीला टेकून उभा राहिला. डोळे भरले होते, पण त्याहून जास्त संताप होता. तो आईला म्हणाला की हे शिक्षण मी सोडतो. पुस्तकात सगळं होतं, तू विचारलंस तेही होतं, आणि तुझ्या कामी एक अक्षर आलं नाही. मला वाटलं, ती त्याला कुरवाळेल. तिने पदर खोचला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“म्या मोजणार न्हाई. तूबी मोजू नगंस. त्या कोर्टाला वळखायला शिकिव, मंग घरी ये.”

तो त्याच दिवशी बसने परत फिरला. परीक्षेत माझ्या पुढे निघाला.

पास झाल्यावर आम्ही दोघांनी अर्ज केले. मी या कचेरीत लागलो. इथे माझ्या सहीशिवाय फाइल पुढे जात नाही, आणि मी सही केली तरी जात नाही. लिंबाजीची मुन्सफीसाठी निवड झाली. ते पत्र आलं तेव्हा मी त्याच्याकडेच होतो. त्याने वाचलं, घडी घातली आणि नको म्हणून कळवायचं ठरवलं. मी भडकलो. म्हटलं, अरे, खुर्चीवर बसून तुझ्या लोकांना न्याय देशील, आणखी काय हवं? तो शांतपणे म्हणाला, “दत्ता, मुन्सफाला समोर आलेलंच ऐकावं लागतंय. जे समोर येऊच देत न्हाईत, ते कुणी आणायचं?”

जिंतूरला कोर्टासमोर त्याने एक खोली घेतली, करीमभाई नावाचे जुने उर्दू कारकून सोबतीला घेतले आणि भिंतीला लागून बाभळीचा एक लांब बाक ठेवला. तोवर वकिलाच्या दारी मेंढरांमागचा माणूस उंबऱ्याबाहेर उकिडवा बसायचा. लिंबाजीकडे आधी बसायचं, मग बोलायचं. आणि मग देवगाव फाट्याकडच्या एका धनगराचं प्रकरण आलं. तोच मालक, त्याच शेंगा. लिंबाजीने फिर्यादीत आकडा लिहिलाच नाही. त्याने त्या माणसाला बाकावर बसवलं आणि एकेक मेंढी सांगायला लावली. डाव्या कानाला चीर, एक डोळा पाणावलेला, पुढचा खूर फाटका, कपाळावर तांबूस ठिपका, लंगडीची लेक... करीमभाई लिहीत गेले, पानांवर पानं. मॅजिस्ट्रेट वैतागले की ही काय जनावरांची जन्मपत्रिका आणली आहे. लिंबाजी म्हणाला, साहेब, यांना संख्या विचारू नका, ओळख विचारा. आणि पंचांना ही पानं हातात देऊन त्या आवारात पाठवा. पंच गेले. पानावरची प्रत्येक खूण तिथे चालत होती. तेव्हा समोरच्या वकिलाने शेवटचा डाव टाकला, की मेंढ्या आपल्या पायांनी आल्या. मी रजा काढून ऐकायला गेलो होतो. लिंबाजीने पुस्तक उघडून ते बारीक अक्षर वाचलं, आणि मग कोर्टाला चौथ्या घरातला अर्थही सांगितला. गड्यांना आणि मालकाला शिक्षा झाली. कळप परत गेला. गिरजाबाईंच्या मेंढ्या मात्र कधीच परत आल्या नाहीत. त्या कधीच विकल्या गेल्या होत्या.

त्यानंतर बाजारच्या दिवशी त्या बाकावर जागा मिळेना. भांडण नसलेली माणसंही यायची, कळपाच्या खुणा लिहून घ्यायला. लिंबाजीने त्यासाठी वेगळी वही केली. तिच्यात अनुक्रमांक नव्हते. करीमभाईंना ते फार खटकायचं. सारी उमर नंबर टाकण्यात गेलेली. “नंबर के बगैर कागज नंगा दिखता, वकीलसाब,” असं ते कुरकुरायचे, आणि लिंबाजी हसायचा. त्या वहीचं नाव कोर्टात नुसतं निघालं तरी आमिष दाखवणारे हात आखडता घ्यायचे. पाच-सहा वर्षं चालवली त्याने ती. आता सांगा मला, काळ्या कोटातल्या माझ्या बंधूंनो, कुठल्या मुन्सफाच्या खुर्चीने एवढं केलं? आपल्यापैकी किती जणांनी डिग्री घेतल्यावर कायद्यात एक ओळ तरी आपल्या माणसांची घातली? लिंबाजी वाया गेला असेल तर वाया जाणं हीच त्या डिग्रीची सर्वांत मोठी जागा आहे, आणि ती रिकामी ठेवायला मी तयार नाही. कचेरीला राजीनामा दिला आहे. गायरानाचं ते अपील मला चालवता येणार नाही, ज्या कचेरीत चालू आहे तिथलं मीठ खाल्लं आहे. त्यासाठी परभणीच्या एका वकिलाला गाठलं आहे. बाकीची सगळी प्रकरणं मी चालवणार. सनदेचा अर्ज टाकला आहे. घरचे बोलत नाहीत. शोकसभेतल्या ज्येष्ठांनी हे वाचलं तर त्यांना कळवतो, की मीही वाया जायला निघालो आहे.

गेल्या आठवड्यात त्या खोलीचं कुलूप उघडलं. बाक तसाच होता, आणि अर्ध्या तासात भरला. शेवटी गिरजाबाई आल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच त्या इकडे फिरकल्या होत्या. कोपऱ्यात बसल्या. त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. घरी नवं कोकरू झालं होतं, ते लिहायचं होतं. मी टाक घेतला. काळं अंग, उजवा कान दुमडलेला, शेपटीचं टोक पांढरं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. लिहून झाल्यावर त्या पानावर वाकल्या. अक्षर येत नाही त्यांना, पण लेकाचं पान कसं दिसतं हे डोळ्यांनी जाणतात.

“हे कडंला काय लिवलंस?”

मी पाहिलं. इतक्या वर्षांच्या कचेरीच्या सवयीने समासात एक आकडा घातला होता.

“नंबर हाय, माय.”

“खोड त्यो.”

मी खोडला.